३९९५ मिलिमीटर: छोट्या एसयूव्हीचं माप कुणी ठरवलं?

वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये नवी छोटी एसयूव्ही आली म्हणून मामा काटोलहून मुद्दाम नागपूरला आले होते. त्यांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचे पैसे हाती आले की गाडी बदलायची, असं दोन वर्षांपासून चाललं होतं. शोरूममध्ये गाडीभोवती गर्दी होती. कुणी स्क्रीनवर बोटं फिरवून पाहत होतं, कुणी सनरूफ उघडून परत लावत होतं. मामांनी खिशातून टेप काढला. घरचं पोर्च चौदा फुटांचं, पुढे फाटक. गाडी आत बसली पाहिजे. एक टोक मी पुढच्या बंपरला धरलं, दुसरं त्यांनी मागच्या बंपरला नेलं. तेरा फूट सव्वा इंच.

टेप गुंडाळता गुंडाळता मामा थांबले. घरी दहा वर्षांची जुनी छोटी एसयूव्ही आहे, दुसऱ्या कंपनीची. पोर्च तिच्याच मापाने बांधलं, त्यामुळे तिचं माप त्यांना पाठ आहे. तेही तेरा फूट सव्वा इंच, म्हणजे ३९९५ मिलिमीटर.

"कंपनी येगळी, गाडी येगळी, मधात दहा वर्षं गेले. मंग माप एकच काऊन बाप्पा?"

"काका, या सेगमेंटमध्ये असंच असतं," तिथला मुलगा म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, पण 'काऊन'चं उत्तर त्यात नव्हतं. ते उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ते एकदा कळलं की नव्या गाडीच्या जाहिरातीतले निम्मे आकडे आपोआप उलगडतात: लांबी तेवढीच का, इंजिन एवढं लहान का, डिक्की अशी सरळ कापल्यासारखी का, आणि किंमत अशी का.

गोष्ट २८ फेब्रुवारी २००६ ची. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. आता छोटी गाडी कशाला म्हणायचं, हे कुठेतरी लिहावं लागणारच. तेव्हा लिहिलं गेलं ते असं: लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठं नको, डिझेल इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं नको. आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या एसयूव्हीचा साचा या एका वाक्यातून घडला.

आधी फायदा घेतला तो डिक्कीवाल्या गाड्यांनी. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची मागची बाजू आखूड करून इंडिगो सीएस आणली आणि ती चार मीटरच्या आत बसवली. मग २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली. तिची लांबी ३९९९ मिलिमीटर, म्हणजे रेषेला फक्त एक मिलिमीटर कमी. दिसायला उंच, दणकट, चालवायला कारसारखी आणि कराच्या दृष्टीने छोटी. लोकांना हे मिश्रण फार आवडलं. २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा आली, २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही३०० आणि ह्युंदाई व्हेन्यू, २०२० मध्ये किया सोनेट. बहुतेकांची लांबी ३९९० ते ३९९५ च्या मध्ये. एक्सयूव्ही३०० तर सांगयाँग टिव्होली या कोरियन गाडीवरून बेतलेली. मूळ गाडी ४.२ मीटरच्या आसपास होती. भारतात आणताना ती वीतभर आखूड करावी लागली.

जीएसटी २०१७ मध्ये आला, पण चार मीटरची रेषा तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आणि सेस, म्हणजे जीएसटीच्या वर लागणारा जास्तीचा कर, गेला, तरी रेषा पुसली गेली नाही. आज तिच्या अलीकडे १८ टक्के कर आहे आणि पलीकडे ४० टक्के. उदाहरण घेऊ. कर लागण्याआधी एखाद्या गाडीची किंमत ८ लाख आहे असं धरा. १८ टक्के लावले की ९ लाख ४४ हजार होतात. ४० टक्के लावले की ११ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा, आणि हा फरक काही मिलिमीटर पत्र्यासाठी. कुठलाही इंजिनिअर त्यापेक्षा पाच मिलिमीटर आखूड बंपर काढणं पसंत करेल. जास्त नाही, पाचच, कारण रेषेच्या आतली उरलेली सगळी जागा तर वापरायची असते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. ब्रेझा ३९९५ मिलिमीटरचीच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. म्हणून तिला १८ टक्क्यांचा लाभ नाही, ४० टक्के लागतात. तीन दारांची थारही चार मीटरच्या आत आहे. तिच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनला कमी दर आणि २.२ लिटरच्या डिझेलला जास्त. बाहेरून गाडी तीच, कर वेगळा. इलेक्ट्रिक गाडीला मात्र ही रेषा नाहीच, ती कितीही लांब असली तरी ५ टक्के.

आता 'एसयूव्ही' हा शब्द. जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये जास्तीचा सेस कोणत्या मोठ्या गाड्यांना लागेल हे स्पष्ट केलं, तेव्हा तीन अटी ठेवल्या: लांबी ४००० मिलिमीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही एकत्र हव्यात. म्हणजे चार मीटरच्या आतली कुठलीही गाडी त्या व्याख्येत बसतच नव्हती. शोरूममधल्या पाटीवरचा 'एसयूव्ही' हा विक्रीचा शब्द आहे. तांत्रिक शब्द 'क्रॉसओव्हर' आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

जुन्या पद्धतीच्या जीपगाडीला, म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस असते. दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे दांडे. इंजिन, चाकं, पाटे किंवा स्प्रिंगा हे सगळं त्या शिडीला, आणि वरून बॉडी बोल्टांनी बसवलेली. ट्रकचंही असंच असतं. खड्ड्यात एक चाक लटकलं तरी शिडी तो पीळ सहन करते. कारचं वेगळं. कारला शिडी नसते. तळ, खांब, छत असे पत्रे वेल्डिंगने जोडून एकच पेटी तयार होते आणि सगळा भार तीच पेटी उचलते. ती हलकी असते, वळणावर कमी कलते, धक्का लागला की ठरवून दिलेल्या जागी चुरगळते आणि आतली माणसं वाचवते. क्रॉसओव्हर म्हणजे ही कारची पेटीच, थोडी उंच केलेली, मोठी चाकं लावलेली, खालून काळं प्लास्टिक चढवलेली. टाटा पंच ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यावर, उभी आहे त्यावरच आल्ट्रोझ उभी आहे. मारुतीची फ्रॉन्क्स आणि बलेनो यांचंही तसंच नातं. आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते.

यात कमीपणा काही नाही. शहरात आणि हायवेवर गाडी चालवणाऱ्या कुटुंबासाठी ही पेटीच योग्य आहे, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त पावसाळ्यात बागेतल्या चिखलात ती जीपसारखी चढेल ही अपेक्षा ठेवू नये. मामांना मी हेच सांगितलं. त्यांच्याकडे त्या कामाला ट्रॅक्टर आहे.

लांबी गोठवली की डिझाइन करणाऱ्याच्या हाती काय उरतं, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या व्हेन्यूत स्वच्छ दिसतं. ती पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यात बनते. जुन्या व्हेन्यूची लांबी ३९९५, नवीचीही ३९९५. रुंदी मात्र १७७० वरून १८०० झाली, उंची १६१७ वरून १६६५, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते २५०० वरून २५२०. लांबी सोडून सगळीकडे गाडी वाढली. व्हीलबेस वाढवणं म्हणजे चाकं कोपऱ्यांकडे सरकवणं. चाकाच्या पुढचं नाक आणि चाकामागची शेपूट आखूड होते, पण मधली बसायची जागा वाढते. स्कोडा कायलॅकचा व्हीलबेस २५६६ आहे, महिंद्रा ३एक्सओचा २६००. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना लांबी विचारण्यात अर्थ नाही, ती सारखीच असणार. व्हीलबेस विचारा. मग मागच्या सीटवर बसून गुडघे पुढच्या सीटला टेकतात का ते पाहा. रुंदीचंही तसंच. मागे तिघं बसणार असतील तर तिघांनाच शोरूमला न्यावं. डिक्कीच्या लिटरचा आकडा कंपनीनुसार वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेला असू शकतो, त्यामुळे घरची मोठी बॅग घेऊन जाणं सगळ्यात खात्रीचं.

इंजिनचं गणितही त्याच वाक्यातून येतं. पेट्रोल १२०० च्या आत ठेवायचं आणि गाडी तर उंच नि जड. मग ताकद आणायची कुठून? उत्तर टर्बो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाया न घालवता त्यावर एक छोटा पंखा फिरवायचा, आणि त्या पंख्याला जोडलेला दुसरा पंखा इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. म्हणून या वर्गात तीन सिलिंडरचं ९९८ किंवा ९९९ सीसीचं टर्बो पेट्रोल इतकं दिसतं. त्याचा एक स्वभाव आहे: धूर जोरात येईपर्यंत पंखा जोर धरत नाही. बर्डीवरून महालकडे ट्रॅफिकमध्ये रांगताना गाडी जराशी सुस्त वाटते. समृद्धीवर १२० च्या मर्यादेपर्यंत जाताना तीच गाडी मोकळी धावते. रोजचं काम मनीषनगर ते सदर एवढंच असेल तर टर्बोवर लाख-दीड लाख जास्त घालायची गरज मला दिसत नाही, साधं १.२ पुरतं. डिझेल घेणाऱ्याने तर आपलं रोजचं अंतर प्रामाणिकपणे मोजावं. बीएस-६ या धुराच्या नियमात बसणाऱ्या डिझेलमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगात चालावी लागते. काटोल-नागपूर करणाऱ्या मामांना ते जमतं. मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीला जमत नाही, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण इथे आता माहिती सहज मिळते. २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, तशी ती पहिली भारतीय गाडी. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने अर्धवट धडक, बाजूने ५० ने धडक, आणि वरच्या तारांसाठी २९ च्या वेगाने खांबावर आपट. गाडी पाहायला जाल तेव्हा तारे किती एवढंच विचारून थांबू नका. ते तारे कोणत्या मॉडेलला लागू आहेत आणि सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग किती, ते विचारा.

किमतीकडे येऊ. गाडी लाँच होते त्या दिवशी बातमीत येणारा आकडा सगळ्यात खालच्या मॉडेलचा आणि एक्स-शोरूम असतो. नव्या व्हेन्यूची सुरुवात ७ लाख ९० हजारांपासून झाली, आणि वरची मॉडेलं १५ लाखांच्या पुढे गेली. नाव एकच, किंमत जवळपास दुप्पट. शिवाय बरेचदा हा भाव 'सुरुवातीचा' म्हणून जाहीर होतो, म्हणजे पुढे वाढू शकतो. गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्यात आरटीओचा कर, विमा आणि फास्टॅग वाढतात. विम्यातला थर्ड पार्टीचा भाग नव्या कारला एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो.

आरटीओच्या करात एक जागा अशी आहे जी समोरासमोर हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के कर आहे. डिझेलला १३ आणि १४. हा दर वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. मामांनी पाहिलेली दोन पेट्रोल मॉडेलं अशी होती: एक ९ लाख ९५ हजार, दुसरं १० लाख ५ हजार. फरक दहा हजारांचा, आणि वरच्यात मागचा कॅमेरा चांगला. मी कोटेशनच्या कागदावरच मांडून दाखवलं. पहिल्याचा कर १ लाख ९ हजार ४५०. दुसऱ्याचा १ लाख २० हजार ६००. कॅमेरा दहा हजारांचा आणि त्यापायी कर ११ हजार १५० ने जास्त. वर १० लाख ओलांडले म्हणून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा केलेला आयकर, आगाऊ भरायचा. तो आयकराच्या विवरणात परत मिळतो, पण आज खिशातून जातो. मामांनी पहिलं मॉडेल पक्कं केलं. हा हिशेब कुणालाही दहा मिनिटांत करता येतो आणि करावा, मग गाडी एमएच-३१ वर नोंदवा, एमएच-४९ वर की मामांसारखी एमएच-४० वर.

नागपूरकरांनी एसी मात्र स्वतः तपासून पाहावा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा शहरात मोठं काचेचं छत हा मला खर्चाचा चुकीचा क्रम वाटतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हात उभी असलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. काचेच्या छताची गाडी थंड व्हायला एसीला आणखी झगडावं लागतं. तेच पैसे मागच्या सीटला एसीचे झरोके आणि हवा खेळणाऱ्या सीटा असलेल्या मॉडेलवर घालावेत. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी घेऊ नका, भर दुपारी मागा. तीन सिलिंडरच्या इंजिनवर एसीचा भार किती जाणवतो तेही तेव्हाच कळतं.

आणि शेवटी ग्राउंड क्लिअरन्स, ज्यासाठी लोक ही गाडी घेतात. गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग आणि जमीन यांतलं हे अंतर. कायलॅकचं १८९ मिलिमीटर सांगितलं जातं, बाकीच्यांचंही साधारण असंच. आपल्याकडच्या उंच ब्रेकरवर आणि कॉलनीच्या अंगणापेक्षा वर आलेल्या सिमेंट रस्त्यांवर त्याचा खरा उपयोग होतो. पण पाण्यात त्याच्यावर विसंबून राहू नये, हे मी कळकळीने सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरी तळमजल्यावर अशीच उंच गाडी उभी होती. पाणी उतरल्यावर मालकाने घाईने स्टार्टर मारला. एक ठोका आला आणि इंजिन जाम झालं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिन हवा ओढतं ती पुढच्या जाळीमागच्या नळीतून, पोटाखालून नाही. त्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात राहिली असेल तर चावी फिरवायची नाही, बॅटरीची तार काढायची आणि टो करून न्यायची. साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते. मामांच्या कोटेशनमध्ये ती नव्हती, ती आम्ही मागून घेतली.

ग्राउंड क्लिअरन्सचा छापलेला आकडा रिकाम्या गाडीचाही असू शकतो. माणसं बसली की स्प्रिंग दबतात. टेस्ट ड्राइव्हला मामांनी मामीला, दोन्ही पोरांना आणि मला बसवलं, डिक्कीत संत्र्याचे दोन क्रेट ठेवले. निघण्याआधी खाली उतरून त्यांनी मागच्या चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप धरला. रिकामी असताना घेतलेल्या मापापेक्षा दीड इंच कमी भरलं. मामांनी पेन मागितला आणि तो आकडा कोटेशनच्या मागे, ११ हजार १५० च्या खाली लिहिला. मग आम्ही गाडी काटोल रोडवरच्या सगळ्यात उंच ब्रेकरकडे नेली.